पद्मिनीचं हृदय बदलताना

उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना पूर्वी एक देखावा हमखास दिसायचा. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, पुढून निघणारी वाफ आणि हातात पाण्याचा डबा घेतलेले काका! तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. त्या गाड्यांत प्रीमियर पद्मिनीही असायची. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. तिचं उत्पादन केव्हाच थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तरी काही घरांत आजोबांची पद्मिनी अजून जिवापाड जपलेली असते. अशा गाडीचा वॉटर पंप घरच्या घरी कसा बदलतात, ते पाहू या.

आधी सांगा, गाडीला पाणी लागतंच कशाला? इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा आतला वायू क्षणभर सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. आणि पिस्टन ज्याचा असतो ते ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना! म्हणून इंजिनाभोवतीच्या पोकळीतून सतत पाणी खेळवावं लागतं. ते उष्णता उचलतं, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्यांपैकी बहुतेकींना पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, तेवढ्यावर काम भागायचं. पुढे इंजिनं दमदार झाली आणि पाणी ढकलायला पंप लागलाच.

पावसात छत्री गरगर फिरवली की थेंब बाहेर उडतात ना? पंपाचं काम तसंच चालतं. आतलं पात्यांचं चाक फिरतं आणि पाणी बाहेरच्या बाजूला फेकतं. हे चाक इंजिनाच्या पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर फिरतं. पंप म्हातारा झाला की आतलं सील झिजतं आणि गाडीखाली पाण्याचे थेंब दिसू लागतात. बेअरिंग गेलं तर घरघर ऐकू येते. तिकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन इतकं तापतं, की वरचं हेड वाकतं. मग पंपाच्या कितीतरी पट खर्च!

आता कामाला लागू. पण थांबा! पहिला नियम: गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताक्षणी दाब सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. म्हणून काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवरच करायचं. पाने मोठ्यांनीच चालवायचे. तुमचं काम काय, तेही सांगते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि चाकाला दगड लावून उभी करा. बाबा किंवा आई बॅटरीची ऋण तार काढतील. मग रेडिएटरखाली घमेलं ठेवून पाणी काढायचं. त्यात कूलंट असेल तर ते चवीला गोड, पण विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनी ते चाटू नये म्हणून लगेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. ही जबाबदारी तुमची.

आता फॅन बेल्ट सैल करून काढायचा, मग पंखा, मग रबरी पाईप आणि शेवटी पंपाचे बोल्ट. सगळे बोल्ट सारख्या लांबीचे असतीलच असं नाही. एका पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढा आणि प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच्याच जागी खुपसा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात पिळला तर आटे जातात, कधी धातूला तडाही जातो.

जुनं गॅस्केट हळुवार खरवडून जागा स्वच्छ पुसली, की नवं गॅस्केट आणि नवा पंप बसवायचा. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एका बाजूने दाबला तर पंप तिरका बसतो आणि गळती पुन्हा सुरू! बेल्ट चढवल्यावर मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. फार ताणलात तर नव्या पंपाचं बेअरिंगच जाईल.

कूलंट सावकाश भरा, आतली हवा निघू द्या. सुरू करण्याआधी पुठ्ठ्याकडे बघा. एक जरी बोल्ट उरला असेल तर किल्ली फिरवायची नाही! पुठ्ठा रिकामा असेल तर बॅटरीची तार जोडा. ओढणी, वेणी, सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवा आणि मग गाडी सुरू करा. तापमानाचा काटा वर चढून एका जागी स्थिरावला आणि खालची जमीन कोरडी राहिली, म्हणजे जमलं. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पाण्याची पातळी पुन्हा तपासा.

मग आजोबांना पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून या. आणि हो, काटा कुठे आहे, ते मागच्या सीटवरून अधूनमधून विचारत राहायला विसरू नका!