वाऱ्याची दिशा आणि वॉर्डाची खिडकी

आपल्याकडील अनेक गावांत महारवाडा, मांगवाडा पूर्वेच्या अंगाला असे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये, गावावरून गेलेला वारा मात्र आमच्याकडे आला तरी चालेल, असा या रचनेमागचा हिशेब सांगितला जातो. विटाळाची कल्पना खोटी होती. पण वारा कोठून येतो, कोठे जातो आणि त्याच्या वाटेवर कोण बसले आहे, एवढे गावाने नीट पाहिले होते. आज दवाखाना बांधताना हाच प्रश्न जीवनमरणाचा असतो, आणि तेथे तो सहसा कोणी विचारत नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली जगाला दाखवला. हा रोग शिवल्याने होत नाही, ताटवाटीने होत नाही. रोगी खोकतो, बोलतो तेव्हा थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंब वाळून त्यांचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते हवेत तासन्‌तास तरंगतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या प्राण्यांनी रोगी कधी पाहिलाही नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. इतके होऊनही मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे जाहीर केले, आणि पुढे तिला ही भूमिका बदलावी लागली. आपल्या घरांतही रोग्याचा पेला वेगळा काढतात आणि खिडकी मात्र लावून घेतात.

उपाय म्हणजे हवा बदलणे. खोलीत जेवढी हवा मावते तेवढी ताजी हवा तासाला किती वेळा आत येते, यावर सारे अवलंबून आहे. संसर्गजन्य रोग्याच्या खोलीत ती तासाला १२ वेळा यावी असे मानतात. रोगी खोलीबाहेर गेल्यावर या वेगाने ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात. हवा तासाला दोनदाच बदलत असेल, तर त्याच कामाला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो.

त्यासाठी महागडी यंत्रेच हवीत असे नाही. पेरू देशातील लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्या मोजल्या गेल्या. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हा आकडा ४० होता, नव्या इमारतींत १७.

ही जाण आपल्याकडेही होती. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उजेड आणि वारा मिळावा हा त्याच्या उद्दिष्टांचा भाग होता. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. मोकळी हवा हाच तेव्हा मुख्य उपचार. पुढे औषधे आली. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रयोगाने दाखवले की गरीब रोगीही घरी राहून औषधांनी तितकाच बरा होतो. हे फार मोठे पाऊल होते. पण आरोग्यधामांबरोबर हवेचा विचारही मागे पडला.

आता पाटण तालुक्याचे पाहू. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस आणि वारा एकाच, पश्चिमेच्या दिशेने येतात. झड आत येते म्हणून पावसाळाभर त्या बाजूच्या खिडक्या लावलेल्या असतात. रोगी, नातेवाईक आणि परिचारिका मग एकच हवा घेत राहतात. छताचा पंखा ती हवा फक्त ढवळतो. भिंतीवरचा साधा एसी तीच हवा थंड करून परत देतो. सरकत्या खिडकीचे तर एका वेळी अर्धेच तोंड उघडते.

यावर उपाय साधे आहेत. पश्चिमेला खोल पडवी किंवा रुंद छज्जा हवा आणि खिडकीला तिरप्या पट्ट्या हव्यात, म्हणजे झड अडते आणि वारा येतो. समोरच्या भिंतीत, छताजवळ, कधीच बंद न होणारे झरोके हवेत. वारा पडला की हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा. मात्र त्याचे तोंड केसपेपरच्या रांगेकडे नसावे. परिचारिकेचे टेबल वारा येतो त्या बाजूला आणि खोकणाऱ्या रोग्याची खाट तो बाहेर पडतो त्या बाजूला असावी. परीक्षा घ्यायची तर उदबत्ती पेटवा. धूर टेबलाकडून खाटेकडे आणि तेथून बाहेर गेला, तर मांडणी बरोबर. उलटा आला, तर टेबल हलवा. त्याला पैसा लागत नाही.

हा केवळ अभियंत्याचा प्रश्न नाही. वॉर्ड झाडणारे, बेडपॅन उचलणारे, थुंकीच्या डब्या धुणारे हात बहुतेक कोणाचे असतात, हे आपणास सांगायला नको. डॉक्टर फेरी मारून जातो. झाडणारी बाई त्याच हवेत पाळी काढते, बरेचदा कंत्राटावर. तिला क्षय झाला तर तो कामामुळे झाला हे पटवून देण्याचे ओझेही प्रत्यक्षात तिच्यावरच येऊ शकते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी दवाखान्याच्या नव्या इमारतीचा नकाशा मागून घ्यावा. त्यावर तीन प्रश्न विचारावेत: वारा कोठून येणार, कोठे जाणार, आणि त्याच्या वाटेवर कोणाला बसवले आहे? गावाने हे प्रश्न आपल्याला दूर ठेवण्यासाठी सोडवले होते. आपण ते सर्वांना जगवण्यासाठी सोडवू.