सोयाबीन सेंटरवर येण्याआधी बेल्ट तपासा



दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक वाढते. एकदा ट्रॅक्टरची रांग लागली की बेल्टकडे बघायला कुणाला वेळ नसतो. म्हणून आजचा सल्ला फवारणीचा नाही, आपल्या क्लीनिंग-ग्रेडिंगच्या बेल्टचा आहे.

*१. बेल्ट एका बाजूला पळतोय*
लगेच पाना घेऊ नका. आधी दोन-तीन फेरे लांबून नुसतं बघा.
- फ्रेमच्या एकाच जागी सरकत असेल, तर तिथल्या आसपासचा रोलर तिरका आहे, जाम आहे किंवा त्यावर माती चिकटलीय.
- बेल्टचा ठरावीक तुकडाच सगळीकडे बाहेर जात असेल, तर जॉइंट वाकडा आहे. तिथे बोल्ट कितीही पिळा, उपयोग नाही.
- रिकामा सरळ चालतो आणि माल पडला की सरकतो, तर हॉपरमधून माल मधोमध पडत नाहीये.
हे सगळं ठीक असेल तरच शेवटच्या ड्रमचा बोल्ट. बेल्ट बंद करा, ज्या बाजूला पळतोय त्याच बाजूचा बोल्ट पाव फेरा आवळा, चालू करून बघा, मगच पुढचा पाव फेरा.

*२. मोटर फिरते, बेल्ट अडतो*
ड्रम घसरतोय. आधी माल कमी करा. मग बेल्ट बंद करून ड्रमवरची धूळ, ओल, तेल पुसा आणि ड्रमवरचं रबर झिजलंय का बघा. बेल्ट ताणायचा तो सगळ्यात शेवटी. जास्त ताणला की बेअरिंग जातं आणि जॉइंट उघडतो. राळ, डांबर लावू नका, त्यावर कचरा चिकटून बेल्ट आणखी पळतो. घसरणारा ड्रम तापतो आणि जवळच भुसा असतो, त्यामुळे आगीचा धोका आहे.

*३. बियाण्याचा माल असेल तर*
सोयाबीनचं साल पातळ असतं. दाणा उंचावरून आपटला की वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. म्हणून बेल्टवर जाण्याआधीचे १०० आणि उतरल्यावरचे १०० दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा. फरक दिसला तर माल पडण्याची उंची कमी करा. वाण बदलताना बेल्ट रिकामा चालवा, मग बंद करून खालूनही झाडा, नाहीतर भेसळ होते.

*४. हात*
बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर चालत असला, तरी अर्ध्या सेकंदात बोटं वीतभर आत जातात. ड्रमपाशी अडकलेला दाणा, सुतळी चालू बेल्टमधून काढू नका. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. निवडायला बसणाऱ्या ताईंनी पदर-ओढणी खोचून घ्यावी, बांगड्या काढून ठेवाव्यात. ड्रमवरचं गार्ड काढलेलं असेल तर बेल्ट चालू करायचा नाही, रांग कितीही मोठी असो. स्टॉपचं बटण रोज सकाळी रिकाम्या बेल्टवर दाबून बघा.

*माल आणणाऱ्यांसाठी*
पोत्यातली ढेकळं, सुतळी, ताडपत्रीचे तुकडे घरीच काढा. सुतळी रोलरच्या दांड्याला गुंडाळते आणि बेअरिंग खाते. मग बेल्ट बंद, आणि तुमचाच ट्रॅक्टर रांगेत उभा.

आवक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ऑपरेटरने बेल्ट अर्धा तास रिकामा चालवून बघावा. वेगळा आवाज किंवा जळका वास आला तर बेल्ट थांबवा आणि याच नंबरवर व्हिडिओ पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी