त्रिमितीय मुद्रित धातूंची दिशासापेक्ष विकृती

त्रिमितीय मुद्रणाने (थ्री-डी प्रिंटिंगने) घडवलेला धातूचा भाग वेगवेगळ्या दिशांनी ताणला असता वेगवेगळ्या प्रतिबलाला कायमचा ताणला जाऊ लागतो. या गुणधर्मास दिशासापेक्ष आकार्य विकृती म्हणतात. ज्या प्रतिबलापासून कायमची विकृती सुरू होते, त्यास यील्ड प्रतिबल म्हणतात. ते दिशेनुसार कसे बदलते हे गणिताने मांडणे, हा प्रतिमानाचा हेतू होय.

कारणे

या निर्मितीत लेझर, इलेक्ट्रॉन शलाका किंवा विद्युत प्रज्योत यांच्या उष्णतेने धातूची भुकटी वा तार वितळवून थरावर थर चढवतात. आयआयटी मुंबई येथे प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या गटाने विकसित केलेल्या पद्धतीत वेल्डिंगने थर चढवणे आणि संगणकनियंत्रित यंत्राने ते तासणे, ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर होतात. वितळलेल्या धातूची उष्णता मुख्यतः खालच्या घन थरांकडे वाहते. त्यामुळे स्फटिककण बहुधा खालून वर, स्तंभासारखे वाढतात. थरांमध्ये राहिलेल्या चपट्या पोकळ्या उभ्या ताणाखाली अधिक घातक ठरतात.

प्रतिमान

फॉन मिझेस यांचा १९१३ मधील निकष धातूला समदिक्, म्हणजे सर्व दिशांना सारखा मानतो. रॉडनी हिल यांनी १९४८ मध्ये लाटलेल्या धातूंसाठी सहा स्थिरांकांचा विषमदिक् निकष मांडला. तोच मुद्रित धातूंनाही लावता येतो. थरांच्या प्रतलातील सर्व दिशा समान मानल्यास स्वतंत्र स्थिरांक तीनच उरतात. ते उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांनी कललेल्या नमुन्यांच्या ताणचाचण्यांतून काढता येतात.

समजा, आडव्या नमुन्याचे यील्ड प्रतिबल १,००० आणि उभ्याचे ९०० मेगापास्कल आहे. केवळ आडव्या चाचणीवर बेतलेले समदिक् प्रतिमान ९५० मेगापास्कल उभ्या ताणाखालील भाग सुरक्षित ठरवील. प्रत्यक्षात तो कायमचा ताणला जाऊ लागलेला असेल.

मर्यादा

हिल यांचा निकष ताण आणि दाब यांतील यील्ड प्रतिबल समान मानतो. जेथे ते भिन्न असते, तेथे अन्य निकष किंवा प्रत्येक स्फटिककणातील घसरण मोजणारी स्फटिक-आकार्यता प्रतिमाने वापरतात. उष्णतोपचाराने दिशाभेद कमी होतो, परंतु नेहमीच नाहीसा होत नाही. म्हणून मुद्रित धातूच्या बलाचा आकडा देताना नमुना कोणत्या दिशेने बांधला होता, याची नोंद आवश्यक असते.