घाट, लांब गाडी आणि डीझेलची बचत

डिसेंबरचे पहिले दिवस आले म्हणजे बेळगाव-खानापूर भागातील खेड्यापाड्यांतून जुन्या गोव्याची वाट जागी होते. कोणी नवस फेडण्यास निघतो, कोणी केवळ सायबाच्या फेस्ताचे दर्शन घ्यावे म्हणून निघतो. काही श्रद्धाळू पायी जातात. परंतु म्हातारीकोतारी व लेकुरवाळ्या बाया ह्यांना ते साधत नाही. मग आठ-दहा घरे मिळून वर्गणी काढतात व एक लांबलचक डीझेल गाडी भाड्याने ठरवितात. सर्वजण तिला ‘ट्रॅव्हलर’ म्हणतात. लग्नाचे वऱ्हाड असो, शाळेची सहल असो, वा आजाऱ्यास मोठ्या शहरी न्यायचे असो, आपल्या गावांना हीच गाडी आता जवळची झाली आहे. जिच्या पोटात आपण सारे कुटुंब बसवितो, ती चालते कशी व थांबते कशी, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असते? आम्हांसही ठाऊक नव्हते. ते जाणून घेण्याची बुद्धी आम्हांस एका प्रसंगाने झाली.

२०२२ सालच्या डिसेंबरातील ही गोष्ट. जांबोटी मागे टाकून आमची गाडी चोर्ला घाटाच्या उतारास लागली होती. पहाटेची वेळ, मुले पेंगत होती, मागच्या बाकांवर प्रार्थना चालली होती. एकाएकी एंजिनाचा घरघराट थांबला आणि नुसता वाऱ्याचा सूं सूं आवाज कानी येऊ लागला. पुढच्या बाकावरील एका आजींनी विचारले, “बाळा, एंजिन का रे बंद पडले?” चालक हसून म्हणाला, “बंद पडले नाही, आजी, मीच बंद केले. उतार आहे ना, तेवढेच डीझेल वाचते.” आजी गप्प झाल्या. आम्ही तर शिकलेसवरलेले, तरी आम्हीही गप्पच बसलो.

दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणावर चालकाने ब्रेक दाबला, तो पायाखाली दगड यावा तसा घट्ट लागला. स्टेअरिंगही जड झाले. त्याने दोन्ही पायांनी जोर केला, किल्ली फिरवून एंजिन पुन्हा सुरू केले, कसाबसा गिअर घातला आणि एका रुंद जागी गाडी थांबविली. चाकांतून जळका वास येत होता. कोणास काही इजा झाली नाही, त्याबद्दल देवाचे आभार. अर्धा-पाऊण तास आम्ही सर्व रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्या वेळी त्या आजींकडे पाहण्याचे आम्हांस धाडस होईना. कारण विचारावयाचा तो प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि त्यांच्या मागे उभे राहण्याचे आमचे काम आम्ही केले नव्हते.

त्यानंतर आम्ही जाणत्या मेकॅनिकांपाशी बसून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ह्या गाडीचे कूळ पाहू. १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी स्थापन झाली आणि जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विदाल कंपनीच्या सहकार्याने तिने मुंबईत गोरेगावास तीनचाकी मालगाड्या बनविण्यास आरंभ केला. त्या गाडीचे ‘टेंपो’ हे नाव आपल्या बोलीत इतके रुळले की, कोणतीही लहान मालगाडी म्हणजे टेंपो असे आपण आज म्हणतो. पुढे त्याच कंपनीची मॅटाडोर आली आणि १९८७ साली टेंपो ट्रॅव्हलर आली. हिचा मूळ आराखडा मर्सिडीज-बेंझने १९७७ साली जर्मनीत आणलेल्या व्हॅनचा. २००५ साली कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले. ही गाडी इंदूरजवळ पीथमपूर येथील कारखान्यात तयार होते. आमच्या इंदूरकडील वाचकांना ती घरचीच म्हणावयास हरकत नाही.

ह्या गाडीच्या पाठीमागे किंवा कागदपत्रांत ३३५० अथवा ४०२० असा आकडा वाचकांनी पाहिला असेल. तो किमतीचा नव्हे, वजनाचाही नव्हे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे ते अंतर आहे, मिलिमीटरमध्ये मोजलेले. ह्यालाच व्हीलबेस म्हणतात. म्हणजे एका गाडीत हे अंतर तीन मीटर पस्तीस सेंटीमीटर, तर दुसरीत चार मीटर दोन सेंटीमीटर. बैलगाडीला जे ठाऊक नाही ते ह्या दोन आकड्यांत आहे.

लांब व्हीलबेसचा लाभ असा की गाडी जमिनीवर ऐसपैस उभी राहते. ब्रेक लावताच वजन पुढे झुकते, हे उभ्याने प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको. समजा, माणसांसह गाडीचे वजन चार हजार किलो आहे, तिचा भारमध्य जमिनीपासून एक मीटर उंच आहे आणि ब्रेक बराच जोराचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या बळाचा, लागला. तर ३३५० च्या गाडीत सुमारे सहाशे किलो भार मागील चाकांवरून पुढील चाकांवर जातो. तेवढ्याच वजनाच्या ४०२० च्या गाडीत तो सुमारे पाचशे किलो. मागची चाके जितकी जमिनीस चिकटून राहतील, तितकी गाडी सरळ थांबते. खड्ड्यांतून जातानाही लांब गाडी कमी डुलते.

परंतु प्रत्येक लाभास किंमत असते. वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने रस्ता कापतात. पुढचे चाक दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर ३३५० च्या गाडीचे मागचे चाक सुमारे ५८ सेंटीमीटर आत येते, आणि ४०२० च्या गाडीचे ८४ सेंटीमीटर. घाटातील अरुंद वळणावर आतल्या कडेने चालणारा पायी यात्रेकरू वा सायकलस्वार ह्या वाढीव वीतभर अंतरातच सापडतो. म्हणून पायी जाणाऱ्यांनी वळणाच्या आतल्या कडेला अशी गाडी अंगावरून जाऊ देऊ नये, आणि चालकाने वळण रुंद घ्यावे.

आता एंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगीने जाळ होतो. डीझेलच्या एंजिनात ठिणगी नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डीझेल ह्याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेली युक्ती अशी: सिलिंडरातील हवा इतकी दाबावयाची की ती आपोआप तापावी. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर होते. हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि तीत डीझेलचा फवारा सुटताच ते पेटते. २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसार बनलेल्या ट्रॅव्हलरचे एंजिन २५९६ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे व ११५ अश्वशक्तीचे आहे. मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच ते आपला पूर्ण पीळ देते. म्हणून भरलेली गाडी चढावर दम न लागता चढते. त्याच नियमांनी डीझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत पन्नासवरून दहा भागांवर आणले.

आता मूळ प्रश्न. गाडी चढविण्यापेक्षा उतरविणे अवघड का? चढताना जी शक्ती डीझेलने गाडीस दिली, ती उतरताना कोठेतरी गेलीच पाहिजे. चार हजार किलोची गाडी सहाशे मीटर खाली आली, तर तिच्यातून निघणारी उष्णता सुमारे सत्तर लिटर थंड पाणी उकळीस आणील इतकी असते. आपल्या घरची मोठी पितळी हंडी डोळ्यांपुढे आणा, आणि अशा किती हंड्या उकळतील ते पाहा. ती सारी उष्णता एकट्या ब्रेकांनी सोसावयाची, तर ते तापून लाल होणार. फार तापलेल्या ब्रेकाची पकड सुटते, त्यातील तेल उकळले तर पेडल पोकळ होते, आणि मग पाय दाबूनही गाडी ऐकत नाही.

म्हणूनच निसर्गाने नव्हे, तर कारागिराने एक दुसरा ब्रेक दिला आहे: तो म्हणजे गिअरमधील एंजिन. खालच्या गिअरमध्ये गाडीची चाकेच एंजिनास फिरवितात, आणि ते फिरविण्यात गाडीचा जोर खर्च होतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. हे शहाणपण आजही तितकेच खरे आहे.

एंजिन बंद केल्याने काय होते? ब्रेकाच्या पेडलामागे पायास साहाय्य करणारी एक हवेची डबी असते. तिच्यातील हवा शोषण्याचे काम डीझेल गाडीत एक पंप करतो, आणि तो पंप एंजिनावर चालतो. एंजिन थांबले की पंप थांबला. डबीतील शिल्लक बळ दोन-चार वेळा ब्रेक दाबण्यापुरते पुरते. त्यानंतर पेडल दगड होते. स्टेअरिंगचे साहाय्यही त्याच वेळी जाते. आमच्या गाडीस त्या तिसऱ्या वळणावर हेच झाले होते. किल्ली पूर्ण काढली असती, तर स्टेअरिंग अडकूनही बसले असते.

आणि एवढे करून डीझेल तरी किती वाचते? येथेच खरी मौज आहे. गाडी गिअरमध्ये उतरत असता चालकाने पाय उचलला की, डीझेलचा फवाराच बंद होतो. एंजिनास चाके फिरवीत असतात, त्यास इंधन लागत नाही. उलट न्यूट्रलमध्ये एंजिन चालू ठेवले तर स्वतः जिवंत राहण्यासाठी त्याला डीझेल प्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रल करणारा बचत करीत नाही, उधळपट्टी करतो. आणि जो एंजिनच बंद करतो, त्याची बचतही शून्यच. कारण जे गिअरमध्ये खर्चच होत नव्हते, ते वाचणार कोठून?

भाराविषयीही दोन शब्द. सतरा आसनांच्या गाडीत बावीस माणसे बसविली, तर सामानासह चारशे किलोंची भर सहज पडते. तीही बहुधा मागे अथवा छपरावर. मागच्या चाकांच्या पलीकडे सव्वा मीटरवर दोनशे किलो ओझे ठेवले, तर लांब गाडीच्या पुढच्या चाकांवरून साठ किलोंहून अधिक भार उचलला जातो. आणि गाडीला दिशा देणारी चाके तर तीच. छपरावरच्या बोजाने भारमध्य वर सरकतो व वळणावर गाडी अधिक कलते. म्हणून जड पेट्या आत, मध्यभागी व जमिनीलगत ठेवाव्या. आसनास पट्टा असेल तर तो लावावा, आणि मागची वाट सामानाने अडवू नये.

परतीच्या दिवशी आम्ही मुद्दाम चालकाशेजारी बसलो. तो तरुण मनाने वाईट नव्हता. त्याच्या उस्तादाने त्याला लहानपणी हेच शिकविले होते, आणि मालक दर फेरीस डीझेलचा हिशेब मागत असे. आम्ही रागावलो नाही; केवळ त्या सकाळच्या पेडलाची आठवण दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मलाही घरी लहान लेक आहे.” पुढे चढ संपून पलीकडचे छोटे उतार लागले, तेव्हा त्याने न सांगता दुसरा गिअर घातला. एंजिन गुरगुरू लागले, आणि मागून आजींचा आवाज आला, “आता बरे वाटते रे, बाळा. आवाज येतोय.”

वाचकहो, पुढच्या फेस्ताला गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस अवश्य करा. पण त्याबरोबर टायर पाहा, ब्रेकाची विचारपूस करा, आसनांइतकीच माणसे बसवा, आणि घाटाआधी चालकास प्रेमाने सांगा की, एंजिन चालू व गाडी गिअरमध्ये असू द्या. तोही थकतो, त्याला वाटेत चहा पाजा व घटकाभर विश्रांती द्या. आणि एखाद्या आजीने प्रश्न विचारला, तर आमच्यासारखे गप्प बसू नका.