बरणीवरचा क्रमांक

जुलै २०१५. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या न्यायवैद्यक संस्थेत राफाएल तोलेदानो या डॉक्टर-इतिहाससंशोधकाला एक बरणी आणि काही परीक्षानळ्या आढळल्या. आत मानवी अवशेष होते. चिठ्ठीवर क्रमांक होता १०७९६९.

हा क्रमांक समजून घ्यायचा तर १९४३ सालाकडे वळावे लागते. स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. तेथील शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक आउगुस्ट हिर्ट याला ज्यूंच्या सांगाड्यांचा संग्रह उभारायचा होता. त्यासाठी ऑशविट्झ छळछावणीतून निवडून आणलेल्या ८६ स्त्री-पुरुषांना ऑगस्टमध्ये नात्झवायलर-श्ट्रुटहोफ छावणीत विषारी वायूने मारण्यात आले. सांगाडे तयार होण्याआधीच, नोव्हेंबर १९४४ मध्ये, शहर मुक्त झाले. हिर्टच्या विभागात अल्कोहोलच्या टाक्यांत मृतदेह आणि त्यांचे तुकडे सापडले.

हिर्टचा मदतनीस आँरी आँरिपियेर याने मृतांच्या हातांवर गोंदलेले क्रमांक गुपचूप टिपून ठेवले होते. त्यांच्या आधारे जर्मन पत्रकार हान्स-योआखिम लांग यांनी सर्व ८६ जणांची नावे शोधून २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १०७९६९ म्हणजे बर्लिनहून ऑशविट्झला नेलेले मेनाखेम ताफेल.

पण ती बरणी हिर्टची नव्हती. मुक्तीनंतर फ्रेंच लष्करी न्याययंत्रणेसाठी शवचिकित्सा करणारे प्राध्यापक कामिय सिमोनँ यांनी हे नमुने खुनाचा पुरावा म्हणून राखले होते. हेतू न्यायाचाच होता. हिर्टने १९४५ मध्ये आत्महत्या केली. मृतदेहांचे दफन झाले. १९५१ पासून ते क्रोनेनबुर्गच्या ज्यू दफनभूमीत आहेत. बरणी मात्र फडताळातच राहिली.

या प्रकरणाचा खरा धडा मला इथे दिसतो. गुन्हेगाराचा निषेध करणे सोपे असते. परंतु चांगल्या हेतूने जपलेल्या अवशेषांचे काम संपले, की त्यांची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. पुरावा पुन्हा निव्वळ नमुना होतो, आणि माणसाला नमुना करणे हेच तर हिर्टला साधायचे होते. म्हणून कोणत्याही वैद्यकीय संग्रहाने प्रत्येक बरणीपाशी थांबून विचारावे: हा माणूस कोण? तो येथे कसा आला? अजून येथे का आहे?

सप्टेंबर २०१५ मध्ये ते अवशेष क्रोनेनबुर्गला पुरण्यात आले. मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी.