वाकड्या हाताचा सरळ फटका

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातील नाहीतर कर्नाटकातील कारखान्याची वाट धरतो आणि त्याच्यामागून पोरेही जातात. हजेरीपटावरची नावे तशीच राहतात. वर्गातील जागा मात्र रिकाम्या होतात. मराठवाड्यातील शिक्षकाला हे नवे नाही. परंतु असेच चित्र अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही होते, आणि त्यातूनच त्या देशातील श्रीमंतांच्या खेळाचा, म्हणजे गोल्फचा, एक अव्वल व्यावसायिक खेळाडू निघाला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

त्याचे नाव कॅल्व्हिन पीट. जन्म १९४३ चा, डेट्रॉईट शहरातला. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून एकोणीस भावंडे. आईवडील विभक्त झाल्यावर मुलगा काही काळ आजीकडे वाढला आणि पुढे फ्लोरिडा राज्यातील पहोकी या गावी वडिलांकडे आला. पहोकी हे ओकीचोबी या विस्तीर्ण सरोवराच्या काठचे गाव. जमीन काळीभोर, पीक भाजीपाल्याचे आणि उसाचे. क्युबातून येणारी साखर अमेरिकेने साठच्या दशकाच्या आरंभी बंद केल्यावर या भागातील उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले, आणि तो ऊस तोडण्यासाठी जमैकादी बेटांवरून हजारो मजूर हंगामापुरते आणले जाऊ लागले. स्थानिक कृष्णवर्णीय मजुरांच्या वाट्याला शेंगा आणि मका तोडण्याचे काम असे. फ्लोरिडातील हंगाम संपला की त्यांच्या टोळ्या पीक पिकेल त्या क्रमाने उत्तरेकडे सरकत थेट न्यूयॉर्क राज्यापर्यंत जात. १९६० साली एडवर्ड मरो या पत्रकाराने या मजुरांच्या हलाखीवर दूरचित्रवाणीसाठी एक माहितीपट केला. त्याने अमेरिकेत मोठी खळबळ माजली. त्यातील मजूरभरतीचे दृश्य पहोकीशेजारच्याच बेल ग्लेड गावचे होते.

शाळा अर्धवट टाकलेला पीट याच शेतांतून शेंगा तोडत होता. मात्र लवकरच त्याने एक हिशेब केला, आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. शेतात राबणाऱ्याच्या हाती जेवढे पडते, त्याहून अधिक त्या राबणाऱ्याला वस्तू विकणाऱ्याच्या हाती पडते. त्याने एक जुनी ऐसपैस मोटार घेतली, फेरीवाल्याचा परवाना काढला आणि मजुरांच्या टोळ्यांमागून गावोगाव फिरत तो कपडे व दागिने विकू लागला. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पुढच्या दातांत त्याने हिऱ्याच्या कणी बसवून घेतल्या होत्या. आपल्याकडे कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांभोवती जो बाजार भरतो, त्यातला एखादा चलाख कापडविक्या डोळ्यांसमोर आणावा!

१९६६ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे माल विकत असताना मित्रांनी जेवणाचे आमिष दाखवून त्याला एका गोल्फच्या मैदानावर नेले. तेव्हा त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. ज्या वयात या खेळातील बहुतेकांच्या हाताला वळण लागून गेलेले असते, त्या वयात त्याने काठी प्रथम हाती धरली. त्यातून लहानपणी झाडावरून पडून त्याचे डावे कोपर मोडले होते आणि ते वाकडेच सांधले गेले होते. गोल्फचे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते की चेंडू टोलावताना डावा हात सरळ ठेवावा. पीटला तो सरळ करताच येत नव्हता. त्याने पुस्तके वाचली, तासन्‌तास सराव केला आणि वाकड्या हाताला मानवेल असा स्वतःचा फटका घडवला. तो फार लांब जात नसे. पण नेमका जाई. १९८१ पासून १९९० पर्यंत सलग दहा वर्षे अमेरिकी स्पर्धांत सर्वांत अचूक आरंभीचा फटका मारणारा खेळाडू म्हणून त्याचीच नोंद झाली. विनोद असा की, पुढे प्रशिक्षकांनी या फटक्यामागचे गुपित त्या वाकड्या कोपरातच शोधले.

१९७१ मध्ये तो व्यावसायिक झाला. मुख्य स्पर्धामालिकेत प्रवेश मिळण्यास १९७५ उजाडले. हा धंदा कसा असतो हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारकुनाला महिना भरला की पगार मिळतो. गोल्फपटूला पगार नाही. प्रवास, मुक्काम, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, सारा खर्च पदरचा. साधारणतः चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर निम्म्याच्या आसपास खेळाडू गळतात आणि गळालेल्यांना कवडीही मिळत नाही. उलट विजेत्याला एकूण बक्षिसाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. पीटची पहिली काही वर्षे कशीबशी गेली. १९७९ साली मिलवॉकीला त्याने पहिली स्पर्धा जिंकली आणि मग १९८२ मध्ये एकाच वर्षात चार. १९८४ साली वर्षभरातील सर्वोत्तम सरासरीसाठीचा व्हार्डन करंडक त्याला मिळाला. १९८५ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये त्याने १,६२,००० डॉलर एका आठवड्यात मिळवले. १९८६ पर्यंत त्याचे एकूण विजय बारा झाले. टायगर वुड्सचा उदय होईपर्यंत कोणाही कृष्णवर्णीय गोल्फपटूला हा आकडा गाठता आला नव्हता.

वर्णाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व केवळ गोऱ्यांना देणारे कलम होते, ते १९६१ मध्ये रद्द झाले. ऑगस्टाच्या प्रख्यात मास्टर्स स्पर्धेत १९७५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळला नव्हता; मैदानावर जे दिसत ते कॅडी आणि वाढपी. मराठी वाचकाला येथे बाळू पालवणकर आठवतील. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरी करताना साहेबांना गोलंदाजी करण्याची मुभा त्यांना होती, फलंदाजीची नव्हती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मैदान राखण्यास चालणारा माणूस त्याच मैदानावर मानाच्या जागी चालत नाही, ही रीत दोन्ही देशांना ठाऊक होती.

पीटच्या मार्गात अखेरचा अडसर मात्र वर्णाचा नव्हता, प्रमाणपत्राचा होता. अमेरिका आणि युरोप यांच्यातील रायडर चषक सामन्यात देशाकडून खेळण्यासाठी त्या संघटनेचे सभासदत्व आवश्यक होते, आणि सभासदत्वासाठी शालान्त परीक्षेचा दाखला. अमेरिकेतील उत्तम खेळाडूंत गणला जाणारा, तिशी केव्हाच ओलांडलेला पीट शाळा सोडलेल्या प्रौढांसाठी असलेल्या परीक्षेला बसला. शिक्षिका असलेल्या पत्नीने त्याची तयारी करून घेतली. १९८२ मध्ये तो उत्तीर्ण झाला आणि १९८३ व १९८५ च्या संघांत त्याने स्थान मिळवले. नियम करणाऱ्या संघटनेचे कार्यालय त्या काळी पाम बीच परगण्यात होते. शेंगा तोडण्यासाठी पीटने जेथे शाळा सोडली ते पहोकी गावही त्याच परगण्यातले. समुद्राकाठी हिरवळीची मैदाने, सरोवराकाठी मजुरांच्या झोपड्या. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने भिजणारे घनसावंगीचे उसाचे मळे आणि त्याच तालुक्यातून परमुलखी ऊस तोडायला जाणारी टोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कोडे उलगडून सांगावे लागणार नाही.

अशा जीवनकथा सहसा जिद्दीचा धडा म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या जातात. पीटच्या जिद्दीविषयी शंका नाहीच. परंतु त्याच्या वाटेवर दोन दरवाजे उघडे होते, हे अशा वेळी सांगितले जात नाही. रॉचेस्टरचे ते मैदान सार्वजनिक उद्यानातले होते. थोडे शुल्क भरून कोणीही तेथे खेळू शकत असे. ते एखाद्या खाजगी क्लबचे असते, तर हिऱ्याच्या दातांचा हा फेरीवाला फाटकाबाहेरूनच परतला असता. आणि शाळा सुटलेल्या प्रौढाला परीक्षा देण्याची सोय होती. ही दुसरी सोय आपल्याकडेही आहे. दहावी-बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, पुढे मुक्त विद्यापीठ आहे. उणीव आहे ती आधीच्या पायऱ्यांवर. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांची कल्पना चांगली. पण मूल आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसण्यापूर्वी वसतिगृह सुरू झाले तरच तिचा उपयोग. टोळी गेल्यावर येणारी मंजुरी कोणाच्या कामाची?

फ्लोरिडात नव्वदच्या दशकात ऊसतोडणीचे काम यंत्रांनी ताब्यात घेतले आणि कोयत्याचे दिवस संपले. गोल्फमध्ये त्याआधीच मैदानावर फिरणाऱ्या छोट्या मोटारी आल्या होत्या. त्यांनी कॅडीचे काम हिरावले आणि त्याबरोबर गरीब मुलाला मैदानावर पाऊल ठेवण्याची असलेली एकमेव पायरीही गेली. पीटनंतर टायगर वुड्सपर्यंत त्या तोडीचा कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही, याचे एक कारण अनेक जाणकार हेच देतात. महाराष्ट्रातही तोडणीयंत्रे फडात उतरू लागली आहेत. कष्टाचे काम गेले याचा शोक कोणी करू नये. पण उचल मिळेनाशी झाल्यावर मंठ्याच्या कोरडवाहू शेतातले ते कुटुंब कशावर जगणार आणि त्याचे पोर कोणत्या वर्गात बसणार, याचा आराखडा यंत्रांच्या अनुदानाबरोबरच झाला पाहिजे.

१९८६ नंतर दुखापतींनी पीटचा खेळ उतरणीला लागला. २०१५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अटलांटा येथे त्याचे निधन झाले. त्याचा डावा हात अखेरपर्यंत सरळ झाला नव्हता.