सेल्युलाइट : कारण, उपचार आणि एका नावाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका भगिनींनी चिठ्ठी दिली होती. ‘मांडीवर खळगे पडलेत. डॉक्टर म्हणतात हा आजार नाही, पार्लरवाली म्हणते दहा बैठकांत जाईल. खरं कोणाचं?’ आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. वैद्यकी आमचा प्रांत नव्हे. पण ‘आजार म्हणायचं कशाला?’ हा प्रश्न आमच्याच अंगणातला. म्हणून आज तोच घेऊ.

आधी गोष्ट काय आहे ते बघू. कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. टाका जिथे घट्ट बसतो तिथे खळगा पडतो, दोन टाक्यांच्या मधे कापूस वर येतो. त्वचेखाली असंच असतं. चरबीच्या थरातून तंतूंचे दोरे खाली स्नायूंच्या आवरणापर्यंत गेलेले असतात. दोरा त्वचेला खाली ओढतो, मधली चरबी वर फुगते. झालं सेल्युलाइट. पुरुषांत हे दोरे बहुतेक तिरपे, जाळीसारखे. स्त्रियांत बरेचसे उभे. म्हणून वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांत ते कमीअधिक दिसतं, पुरुषांत क्वचित.

मग वजनामुळे होतं का? इथे आपल्या नैयायिकांची कसोटी लावू. कारण असेल तिथे कार्य हवं, कारण नसेल तिथे नको. सडपातळ मुलींच्याही मांडीवर खळगे असतात. म्हणजे वजन हे मूळ कारण नाही, साहाय्यक आहे. ते वाढलं की खळगे जास्त उठून दिसतात. वय, पातळ झालेली त्वचा, आनुवंशिकता, हार्मोन्स, हे सगळे त्याचे सोबती. ‘शरीरात विष साठतं’ या म्हणण्याला मात्र पुरावा नाही.

आता नावाकडे या. ‘सेल्युलाइट’ हा शब्द १८७३ च्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात आढळतो, पण तिथे अर्थ ऊतींचा दाह असा होता. पुढे फ्रान्समधल्या सौंदर्यविषयक मासिकांनी तो उचलला आणि १९६८ साली ‘व्होग’ने अमेरिकी वाचकांपर्यंत नेला. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन संशोधकांनी त्वचेच्या रचनेवर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाइटला ‘मनाने रचलेला आजार’ म्हटलं. नीट ऐका हं, खळगे खोटे आहेत असं ते म्हणत नव्हते. खळगे खरेच, त्यांच्यावर मारलेला आजाराचा शिक्का खोटा.

मग उपचार? कारण कळलं की उपाय पारखता येतो. क्रीम वरवर लागतं, दोऱ्यांपर्यंत त्याचा फारसा परिणाम पोचत नाही. मसाजने थोडा वेळ बरं दिसतं, मग पूर्ववत. व्यायामाने स्नायू भरतात, खळगे कमी जाणवतात आणि तब्येतीला फायदा होतो तो वेगळाच. लायपोसक्शन चरबी काढतं, दोरे तसेच राहतात. कधी खळगे जास्तच दिसतात. दोरे सुईने तोडण्याची ‘सबसिजन’ नावाची पद्धत आहे. ती मुळावर जाते, काहींना परिणाम काही वर्षं टिकतो. पण त्वचा काळीनिळी पडते, दुखतं, खर्चही होतो. दोरे विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. काळेनिळे डाग फार पडतात म्हणून कंपनीनेच २०२२ च्या अखेरीस ते बंद करायचं ठरवलं.

एक सावधगिरी. ‘सेल्युलायटिस’ हा जुळा वाटणारा शब्द निराळा आहे. तो जंतुसंसर्ग. पाय लाल, गरम होतो, सुजतो, दुखतो, ताप येतो. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. मधुमेह असेल तर अजिबात थांबू नका. नावाच्या गोंधळात पार्लरची वेळ घेतली, तर पाय आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो.

तर ताई, तुमच्या चिठ्ठीचं उत्तर : डॉक्टरांचं खरं. खळगे नकोसे वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. उपचार घ्यायचा तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि एकच विचारा, ‘हा उपाय दोऱ्यांपर्यंत पोचतो का आणि किती दिवस टिकतो?’ आणि काहीच करायचं नसेल, तरी काही बिघडत नाही. दहातल्या आठनऊ जणींना जे असतं, त्याला आजार म्हणण्याआधी आपण थोडं थांबलेलं बरं.